दोन्ही डिस्कना कुंकू

आधीच सांगून टाकतो, इथले भुताखेतांचे अनुभव मी आजवर हसण्यासाठी वाचत आलोय. पिंपळाखाली कोणीतरी दिसलं, वळणावर गाडी बंद पडली... असलं काही वाचलं की मी बायकोला मोठ्याने वाचून दाखवायचो आणि प्रत्येकाचं कारण तिथल्या तिथे सांगायचो. जळगावात पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो, वीस वर्षं झाली. कारण सांगणं हाच माझा धंदा. आता माझ्यावर वेळ आली आहे आणि माझ्याकडे कारण नाही, म्हणून अंगाची आग होत असताना हे लिहितोय. भीती वाटली नाही. चीड आली, अजूनही येते... आणि ती कोणावर काढायची तेही आता नीट कळत नाही.

विषय भुताखेताचा नाहीच. विषय नॅसचा आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी – नॅस म्हणजे घरच्या वायफायच्या राउटरला जोडून ठेवायचा एक डबा. त्यात हार्ड डिस्क बसवायच्या. मग घरातले सगळे फोटो, व्हिडिओ, गाणी एका जागी राहतात, टीव्हीवर थेट बघता येतात आणि मोबाइलचा बॅकअप आपोआप होतो. इतकी साधी गोष्ट. पण ती विकत घ्यायची ठरवा आणि मग बघा.

दोन डिस्कचा डबा घ्यावा की चार? प्रोसेसर अमुक असेल तर मोठा व्हिडिओ टीव्हीवर अडकतो म्हणे. रॅम वाढवता आली पाहिजे म्हणे. एक जण सांगतो तयार डबा घ्या, दुसरा म्हणतो तयार डबा घेणारे मूर्ख, जुना कॉम्प्युटरच वापरा. मी आठ महिने वाचत होतो. आठ महिने! वैशाली, म्हणजे माझी बायको, म्हणाली, "आपल्या लग्नाला तुम्ही आठ दिवसांत हो म्हणाला होतात." जागा किती लागेल ते काढायला मी जुन्या डिस्कवरच्या प्रत्येक फोल्डरची यादी केली – नाव, साइज, ऑडिओ-व्हिडिओ असेल तर किती मिनिटांचा. तिची प्रिंट काढून पिंप्राळ्यातल्या आमच्या राहत्या घरी कपाटाच्या दारावर चिकटवली. ही यादी लक्षात ठेवा.

त्या यादीत तिसऱ्या ओळीवर होतं : "आई – कानबाई – ४१ मिनिटं १० सेकंद."

ह्याच्यासाठीच खरं तर सगळा खटाटोप. आमच्या घरची कानबाई, म्हणजे आमची खानदेशातली देवी, धुळ्याला बसते, देवपुरात, चुलतभावाच्या घरी. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी नारळाला डोळे-नथ लावून चौरंगावर बसवायची, नैवेद्याचे रोट करायचे, बायकांनी अहिराणी गाणी म्हणायची आणि सोमवारी वाजत गाजत नदीवर न्यायची. आमच्याकडे गाणी आई म्हणायची. तिला जाऊन तीन वर्षं झाली. त्याच्या बऱ्याच आधी एकदा कानबाईच्या दुपारी मी मोबाइलवर तिचं गाणं रेकॉर्ड करून ठेवलं होतं. तिच्या आवाजाचं तेवढंच काय ते उरलंय. सुनांपैकी कोणाला गाणी सलग येत नाहीत, म्हणून तीन वर्षं आम्ही कानबाईसमोर स्पीकर ठेवून तेच लावत होतो. मोबाइल केव्हाच खराब झाला. कानबाईपुरती फाइल पेनड्राइव्हवर घ्यायचो आणि आल्यावर त्यावर कॉलेजचं काहीतरी भरायचो. फाइल फक्त घरच्या जुन्या डिस्कवर, एकच कॉपी. विद्यार्थ्यांना मी ओरडून सांगतो की एक कॉपी म्हणजे शून्य कॉपी. आणि घरी? "नॅस आला की एकदमच करू." अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तो बैल मी दारात बांधून घेतला होता.

शेवटी जूनमध्ये दोन डिस्कचा डबा आला. त्यात डिस्क जोडीने लावायच्या तर सारख्या असाव्यात असं वाचलं होतं, म्हणून मी नवी डिस्क शोधून शोधून जुनीसारखीच मागवली. तीच कंपनी, तेच मॉडेल, तेवढीच साइज, तसंच लेबल. बेत असा – नवी डिस्क डब्यात घालायची, ती कोरी करून तयार करायची, मग जुनीवरचं सगळं तिच्यावर आणायचं आणि सगळं नीट आलंय याची खात्री झाल्यावरच जुनी दुसऱ्या खणात.

जुनी डिस्क कॉम्प्युटरमधून काढून डायनिंग टेबलवर ठेवली. नवी पाकिटातून काढून शेजारी ठेवली. तेवढ्यात वैशाली कुंकवाचा करंडा घेऊन आली. घरात नवी वस्तू आली की कुंकू लावल्याशिवाय ती सुरू करायची नाही, हा आमच्याकडे नियमच आहे. फ्रिजला लावलंय, इन्व्हर्टरला लावलंय. मी म्हटलं, लाव बाई, बरंच झालं, मला खूणही होईल. कुंकू असलेली नवी, नसलेली जुनी. सिरीयल नंबर बारीक अक्षरात असतो, चष्मा कोण शोधणार?

मग कॉलेजमधून फोन आला आणि मी गच्चीवर गेलो. दहा-बारा मिनिटं असेन.

घरात त्या वेळी अक्का होत्या. अक्का म्हणजे माझ्या मोठ्या काकू, आईच्या जाऊबाई. राहतात धुळ्याला मुलाकडे, म्हणजे त्याच चुलतभावाकडे. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे आल्या होत्या, डोळ्याला काळा चष्मा, दिवसातून चार वेळा थेंब. काका गेले तेव्हा अक्का तिशीच्याही नव्हत्या. तेव्हापासून मी त्यांचं कपाळ मोकळंच बघितलंय.

खाली आलो, कुंकू दिसलं ती पहिली डिस्क उचलली, दुसरीकडे न बघताच डब्यात घातली. स्क्रीनवर आलं – या डिस्कवरचा सगळा डेटा पुसला जाईल, पुढे जायचं? अर्थात जायचं. नवी डिस्क आधी पूर्ण पुसून, कोपरान्‌कोपरा लिहून तपासावी असंही कुठेतरी वाचलं होतं. त्या पर्यायावरही टिक केली. डबा घरघरायला लागला. दुसऱ्या दिवशी दुपारी काम संपलं.

मग टेबलवरची डिस्क यूएसबीने कॉम्प्युटरला जोडली. स्क्रीनवर आलं – ही डिस्क कोरी आहे, आधी तयार करून घ्या.

मला वाटलं केबल सैल आहे. केबल बदलली. तेच. मग डिस्क हातात घेऊन नीट बघितली आणि तिच्यावरही कुंकू. अगदी मधोमध, बोटाने नीट टेकवलेलं गोल. चष्मा शोधला. सिरीयल नंबर बिलाशी ताडला. टेबलावर होती ती नवी. डब्यात अठरा-वीस तास घासून निघाली ती जुनी.

"वैशाली, या दुसऱ्या डिस्कला कुंकू कोणी लावलं?"

वैशाली काही बोलायच्या आत आतल्या खोलीतून अक्का म्हणाल्या, "मी लायं रे नंदू. येकलेच लायेल व्हतं. दुसरीनी काय पाप करं?"

एकीलाच कुंकू दिसलं म्हणून त्यांनी दुसरीलाही लावलं होतं. पुढे मी जे बोललो ते इथे सगळं लिहिणार नाही. लाज वाटते. हात कोणी लावायला सांगितला होता, काही कळतं का, तुम्ही माझी आई पुसलीत – हे शेवटचं वाक्य मात्र लिहितो, कारण ते मी बोललो. ऑपरेशन होऊन आठ दिवस झालेल्या बाईला. अक्कांच्या चष्म्याखालून पाणी येत होतं. वैशालीने धावत जाऊन थेंब टाकले, रडल्यावर टाकायचे असतात की नाही हेही तिला माहीत नव्हतं. सकाळी चुलतभावाला बोलावून घेऊन अक्का एसटीने धुळ्याला निघून गेल्या. मी रिक्षापर्यंतसुद्धा गेलो नाही.

डेटा परत मिळवून देणाऱ्या एका माणसाकडे जुनी डिस्क नेली. त्याने दोन दिवस ठेवून घेतली आणि परत करताना म्हणाला, "सर, नुसतं डिलीट असतं तर काढलं असतं. तुम्ही तर शेत नांगरून, वखरून, रोटाव्हेटर मारून आणलंय." पैसेही घेतले नाहीत त्याने, इतकी त्याला कीव आली. नवी डिस्क मी तिच्या पाकिटात घालून कपाटात टाकली. नॅसचं नावही नको होतं. वर्गात पोरांवर ओरडायचो, घरी वैशालीवर. यादी कपाटावर तशीच होती, ती फाडायचासुद्धा संताप येत होता.

नागपंचमी झाली. शुक्रवारी दुपारी कॉलेजातून लवकर आलो तर वैशाली म्हणाली, "परवा कानबाई. काय लावणार आहात स्पीकरवर? आणि तो डबा तरी सुरू करा, निदान पोरांचे फोटो त्यात जातील. जे गेलं ते गेलं."

चडफडत कपाट उघडलं. पाकिटातून नवी डिस्क काढली. चष्मा लावून नंबर बघितला, बिलाशी ताडला – दुधाने तोंड पोळलं होतं ना. कॉम्प्युटरला जोडली. "डिस्क कोरी आहे" असा मेसेज येईल म्हणून माउसवर बोट ठेवून बसलो.

मेसेज आला नाही. डिस्क उघडली. आत एकच फोल्डर. नाव : आई.

मी वैशालीला हाक मारली नाही. आधी डिस्क काढली, पुन्हा जोडली. नंबर पुन्हा बघितला. मग लॅपटॉपला जोडून बघितलं. तेच. आमच्या लग्नाचा व्हिडिओ नाही, पोरांचे फोटो नाहीत, माझ्या नोट्स नाहीत. एक फोल्डर, त्यात एक फाइल, माझ्याच हातचं नाव. जी डिस्क मी स्वतः सील फोडून बाहेर काढली, कोरी बघितली आणि कपाटात टाकली, तिच्यावर.

फाइलची लांबी बघितली. ४७ मिनिटं काही सेकंद.

कपाटावरच्या यादीकडे बघितलं. ४१ मिनिटं १० सेकंद.

वैशालीला बोलावलं आणि लावली. आईचा आवाज आला तशी ती खालीच बसली. गहू निवडतानाचा सुपाचा आवाज, मागे कोणाचं तरी खोकणं, सगळं जसंच्या तसं. ते रेकॉर्डिंग आम्हाला पाठ आहे. शेवटी आई दमते, हसते आणि म्हणते, "नंदू, बंद कर आते. बस व्हयनं." आता बंद कर, पुरे झालं. तीन वर्षं कानबाईसमोर ते वाक्य आलं की सगळ्या बायका हसतात आणि डोळे पुसतात.

एक्केचाळीस मिनिटं झाली. आई दमली. हसली. आणि म्हणाली,

"नंदू, बंद नको करू आते."

वैशालीने माझा हात धरला. आई पुढे म्हणाली, "अक्का, तठे काबर बठन्यात? आठे या ना. तुम्ही म्हना, आम्ही मांगे म्हनतस."

तिकडे का बसलात, इकडे या, असं ती अक्कांना बोलावत होती. मग नुसतंच सूप. आणि मग दुसरा आवाज लागला. जरा घोगरा, पण सुराला पक्का. त्या आवाजाने गाणं धरलं आणि आई मागून म्हणायला लागली, शिकणारं माणूस म्हणतं तशी. साडेपाच-सहा मिनिटं. तिथे फाइल संपली.

माझी पहिली प्रतिक्रिया रागाचीच होती, खोटं कशाला सांगू. कोणीतरी चेष्टा करतंय. पण कोण? हे रेकॉर्डिंग दुसऱ्या कोणाकडे नव्हतं. कपाटाची किल्ली माझ्याकडे. आणि आईचा आवाज मला कळत नाही होय?

शनिवारी सकाळी दोघं धुळ्याला निघालो. फाइल मोबाइलवर घेतली होती, डिस्क रुमालात गुंडाळून वैशालीच्या मांडीवर. एरंडोल गेलं, पारोळा गेलं. पोचलो तेव्हा अक्का ओट्यावर बसल्या होत्या, काळा चष्मा सुटला होता. मला बघून म्हणाल्या, "ऊना का नंदू? चाय पेस ना?" जणू काही झालंच नव्हतं. मी पाया पडलो. मोबाइल काढला, शेवटची सहा मिनिटं लावली आणि त्यांच्या हातात दिला.

अक्कांनी तो कानाशी धरला. पहिल्यांदा हसल्या, आईच्या आवाजाला. मग हसू गेलं. दुसरा आवाज लागला तेव्हा त्यांनी मोबाइल कानापासून लांब धरून बघितला आणि पुन्हा कानाला लावला. संपल्यावर म्हणाल्या,

"आवाज मन्हाच शे."

"हो ना अक्का. मी विसरूनच गेलो होतो, तुम्हीही म्हटलं होतं त्या दिवशी..."

"नही रे भाऊ. मी त्या दिन येक बी गानं म्हनं नही."

अक्काच बोलायला लागल्या, माझ्याकडे न बघता, अंगणाकडे बघत. "मी आठेच, ओटावर बठेल व्हती. सवाशिणीस्मा मन्हं काय काम? बठ्ठा गाना माले येतस. तुन्ही मायले मीच शिकाडात, ती नवी नवरी व्हती तवय. त्या दिन मी वाट दखी. वाटे आते बलाई, आते बलाई." मग म्हणाल्या, "कोनी बलावं नही."

"आईनेसुद्धा?"

"तिले बी धाक व्हता रे, लोकेस्ना. चांगली व्हती मन्ही देरानी." मग मोबाइल माझ्या हातात परत देऊन म्हणाल्या, "पन आते बलायं ना तिनी."

वैशाली ओट्यावर त्यांच्या शेजारी बसून रडत होती. मी उभा. सगळी गाणी आईला अक्कांनीच शिकवलेली. मला आठवायला लागलं. थोरल्या सुनेचा मान अक्कांचा. काका गेले आणि तो मान आईकडे आला, गाण्यांसकट. आई गेल्यावर आम्ही तीन वर्षं कानबाईसमोर स्पीकर ठेवला, कारण "आता गाणी कोणाला येत नाहीत." अक्का तेव्हाही ओट्यावरच बसलेल्या असायच्या. एकानेही त्यांना विचारलं नाही. मी आठ महिने नॅसवर वाचत बसलो, आणि बॅकअप ओट्यावर बसला होता.

रविवारी कानबाई बसली. मी स्पीकर लावला नाही. चुलतभावाची बायको विचारायला लागली, आता काय करायचं? वैशाली बाहेर गेली आणि अक्कांचा हात धरून म्हणाली, "अक्का, आत या. तुम्ही म्हणा, आम्ही मागून म्हणतो." भावकीतल्या दोन म्हाताऱ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. एक काहीतरी पुटपुटली. मी म्हटलं, कोणाला काही विचारायचं असेल तर मला विचारा. कोणी विचारलं नाही. अक्का चौरंगासमोर बसल्या. पहिलं कडवं अडखळलं, मग लागलं. सगळी गाणी म्हटली, आईला येत नव्हती तीसुद्धा. मी मोबाइलवर रेकॉर्ड करत होतो आणि थांबवलं नाही.

आता नॅस सुरू आहे. दोन्ही खणांत डिस्क आहेत, तिसरी कॉपी धुळ्याला. अक्का इकडे आल्या होत्या तेव्हा दोन्ही डिस्कना त्यांच्याच हातून पुन्हा कुंकू लावून घेतलं. माफी मी मागितली, पण "येडा शे का तू" एवढंच म्हणून त्यांनी ती घेतली की नाही हे कळू दिलं नाही.

कॉलेजातला एक मित्र म्हणतो, डिस्क तपासायला पाठव, फाइल कोणत्या तारखेला लिहिली गेली ते काढता येतं. मी पाठवणार नाही. कोणी म्हणेल नंबर बघण्यात चूक झाली, तर तो मी पाच वेळा बघितलाय. कोणी म्हणेल रेकॉर्डिंग पहिल्यापासून सत्तेचाळीस मिनिटांचंच होतं, तर यादी अजून कपाटावर आहे, येऊन वाचा. आणि "बंद कर आते" हे वाक्य ऐकून हसलेल्या बायका धुळ्यात पंधरा तरी आहेत. कारण मला सापडलेलं नाही. तुमच्याकडे असेल तर जरूर सांगा, मी हसणार नाही.

मला कारण सापडत नाही याची चीड आता कमी झाली आहे. दुसरी एक आहे, ती जात नाही. त्या दुपारी मोबाइल माझ्या हातात होता. ओटा समोरच होता, दार उघडं होतं, अक्का मला दिसत होत्या. जे बोलायला आईला मरून परत यावं लागलं, ते तेव्हा मीही बोलू शकलो असतो.